डाव्या हाताचा ढग

अत्तारमॅडमना चांगल्या हवेची भीती वाटायची.

वादळाला त्या घाबरत नसत. गारा पडायला लागल्या की आमच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावायला धावायची, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर मॅडमच्या गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज यायचा. पण थंडीत पुण्यात काही दिवस असे येतात, की आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतं, ऊन अंगाला हवंसं वाटतं, वारा असतो आणि धूळ नसते. अशा दिवशी या बाईंच्या कपाळाला आठी. "एवढं चांगलं बरं नाही," असं जिन्यात भेटल्या की म्हणायच्या. कुणी म्हणालं, "अहो मॅडम, छान हवा पडलीय, सुखानं फिरून या की," तर उत्तर यायचं, "जाते ना. पण हवा छान आहे म्हणजे काय, तिनं अजून काही ठरवलेलं नाही, इतकंच."

शमीम अत्तार त्यांचं नाव. हवामानाचे अंदाज देणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीत आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या त्या नवऱ्यासह, आणि वर्षभरातच एकट्या झाल्या. मुलगी सबा बंगळूरला. त्यांची ओळख इमारतीत पसरली तशी लोकांची रीघ लागली. कुणाच्या मुलीचं लग्न लॉनवर, कुणाची गच्चीवर पूजा. पाऊस येईल का हो? मॅडम चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "लग्न तुमचं आहे, पाऊस त्याचा आहे. दोघांनी एकमेकांना विचारून तारीख ठरवा." मग माणूस ओशाळला की खरा अंदाज सांगायच्या, आणि वर बजावायच्या, "हा अंदाज आहे, आशीर्वाद नव्हे."

एकदा मी विचारलं होतं, इतक्या वर्षांत सर्वांत उपयोगी शब्द कोणता सापडला? म्हणाल्या, "कचेरीत 'शक्यता', घरी 'इन्शाअल्लाह'. अर्थ एकच. कचेरीतल्यावर सही करावी लागते."

वडिलांचं पेठेत अत्तराचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर मुलीनं दुकानाच्या फळीवर बसायचं आणि डोळे मिटून सांगायचं, वास कुठून येतोय. बेकरीचा आला तर वारा एका बाजूचा, नदीचा आला तर दुसऱ्या बाजूचा. बरोबर सांगितलं की मनगटावर हिन्याचा एक थेंब. "माझं सगळं शास्त्र त्या फळीवरचं," असं त्या सांगत. "नंतर त्यावर नुसती गणितं चढवली."

गोल्फ हा त्यांच्या नवऱ्याचा नाद. ते रेल्वेत इंजिनिअर होते आणि बदली होईल तिथलं मैदान हुडकून काढायचे. मॅडम बरोबर जायच्या त्या चालायला. ते गेल्यावर काठ्यांची ती पिशवी कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून बाहेर काढली, आणि दिली नाही. वयाची साठी उलटल्यावर ही बाई एकटी सराव करायला लागली. नवरा उंच होता, काठ्या त्याच्या मापाच्या. मॅडम ठेंगण्या. त्या काठी दोन वीत खाली धरायच्या आणि म्हणायच्या, "उरलेला दांडा त्यांचा."

त्या खेळायच्या ते मैदान खराडी मागे टाकून, शहराच्या पूर्वेला एका उघड्या माळावर होतं. लिंक्स पद्धतीचं, असं तिथले लोक अभिमानानं सांगत. ही पद्धत मुळात समुद्रकाठची. वाळूचे उंचवटे, खोल खड्डे, गुडघ्याएवढं पिवळं गवत आणि झाड एकही नाही. झाड नसल्यामुळे वाऱ्याला आडकाठी नाही, आणि खेळणाऱ्याला आडोसा नाही. नऊ होल एका सरळ दिशेनं पश्चिमेकडे जायचे, आणि उरलेले नऊ त्याच पट्ट्यातून पूर्वेकडे परत यायचे. मॅडम त्या जागेला लिंक्स कधी म्हणाल्या नाहीत. "माळ" म्हणायच्या. "समुद्र राहिला घाटाखाली. इथे नुसता त्याचा वारा येतो, तोही दमून."

मी खराडीत एका कंपनीत नोकरी करतो. दिवसभर खुर्चीत बसून माझी पाठ धरली होती. एका रविवारी जिन्यात वाकून उभा असलेला मला पाहून त्या म्हणाल्या, "पाटणकर, पाठ दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. सगळंच दुखत असेल तर माळावर चला." गेलो, आणि मग दर रविवारी जातच राहिलो.

त्यांनी मला खेळ शिकवला असं म्हणवत नाही, कारण खेळ मला अजून येत नाही. पण उभं राहायला शिकवलं. पहिल्या दिवशी चेंडूला हात लावू दिला नाही. माळाच्या मध्यावर नेऊन म्हणाल्या, "वाऱ्याकडे पाठ करा." केली. "आता डावा हात बाहेर काढा. जिथे हात दाखवतोय तिथे कुठेतरी हवेचा दाब कमी आहे. गडबड असेल तर त्या बाजूला. हा नियम जुना आहे, दर्यावर्दी लोक पाळायचे. वाऱ्याकडे पाठ, संकट डाव्या हाताला. हे लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल."

मला ते फार आवडलं होतं. घरी येऊन बायकोला गॅलरीत उभं करून दाखवलं होतं.

त्यांच्या या ज्ञानाचा दरारा क्लबात बसला तो एका ऑक्टोबरच्या दिवशी. परतीचा पाऊस आटोपल्यासारखा वाटत होता. क्लबचे सेक्रेटरी राणे त्या दिवशी आमच्याबरोबर खेळत होते. राणे गोरेगोमटे, हसतमुख, आणि कुठल्याही गोष्टीत वेळ गेलेला न खपणारे. स्वच्छ ऊन होतं. सहाव्या होलवर मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस. परत चला."

"का हो?"

त्यांनी पश्चिमेला काठी दाखवली. क्षितिजापाशी, धुरकट पट्ट्याच्या वर, कोबीच्या गड्ड्यासारखं एक पांढरं टोक दिसत होतं. तेवढंच.

"ते तर लांब घाटमाथ्यावर आहे," राणे म्हणाले.

"वीज कुठल्या गावात राहते ते बघून पडत नाही. आणि या माळावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही आहात, राणे."

राणे हसले, पण आले. आम्ही गाड्यांपाशी पोचलो असू. डोक्यावर अजून ऊन होतं. एकच आवाज झाला, आभाळ फुटल्यासारखा, आणि सहाव्या होलचा झेंडा जिथे होता तिथून धूर निघाला. झेंड्याची काठी मधोमध चिरली होती. राणे बराच वेळ गाडीच्या दाराला धरून उभे होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "पाणी प्या. आणि पुढच्या वेळी 'का हो' नंतर विचारा."

तेव्हापासून क्लबच्या प्रत्येक स्पर्धेला हवेची जबाबदारी मॅडमवर. त्यांनी हात वर केला की भोंगा वाजायचा आणि खेळ थांबायचा. कुणी शंका काढायचं नाही. दोन-तीन वर्षं असं चाललं.

मग त्यांचे चेंडू हरवायला लागले.

गवतात चेंडू हरवणं यात नवल नाही. पण मॅडमचा चेंडू कधी हरवायचा नाही, कारण त्या तो पडेपर्यंत नजर सोडत नसत. आता त्या गवतात फिरत राहायच्या, आणि चेंडू असायचा पावलाजवळ, डाव्या बाजूला, उघड्यावर. मी उचलून द्यायचो. "चष्म्याचा नंबर वाढला," त्या म्हणायच्या. नवा चष्मा आला. मग त्यांच्या गाडीचा डावा आरसा पार्किंगच्या खांबाला लागून तुटला. मग एकदा आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा माझ्या बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "मॅडमना कोशिंबीर आवडत नाही का? हातसुद्धा लावला नाही." ताटात डावीकडे वाढलेलं काहीच त्यांनी खाल्लं नव्हतं. लोणचं, चटणी, कोशिंबीर, सगळं जसंच्या तसं. आम्ही दोघांनी ते पाहिलं, आणि वय झालं की चव बदलते, असं ठरवून टाकलं.

त्या वर्षीची मोठी स्पर्धा नोव्हेंबरात होती. बाहेरगावचे खेळाडू आले होते, तंबू लागले होते. हवा अशी, की शोधून सापडणार नाही. थंडी नुकतीच सुरू झालेली, झुळझुळ वारा, गवताच्या तुऱ्यांवर सकाळचं ऊन. राणे सगळ्यांना सांगत होते, "ऑर्डर देऊन मागवलीय." मॅडम आमच्या गटाबरोबर पश्चिमेकडच्या होलवर चालत होत्या. चौथ्यापासून त्या सारख्या डावीकडे मान वळवत होत्या. सातव्यावर थांबल्या आणि त्यांनी हात वर केला.

भोंगा वाजला. माळभर पसरलेली माणसं जिथे होती तिथे थांबली आणि मग निमूट परतली. सगळे तंबूत जमले. वर आकाश कोरं.

"कुठे आहे मॅडम?" राण्यांनी अदबीनं विचारलं.

"दक्षिणेला. खाली, क्षितिजाला लागून. राखाडी आहे, कडा विरलेल्या. सकाळपासून हललेला नाही, हे मला आवडत नाहीये."

सगळ्यांनी दक्षिणेला पाहिलं. मीही पाहिलं. तिकडे एक घार फिरत होती. बाकी निळं.

तासभर माणसं बसून राहिली. कुणी मोबाईलवर उपग्रहाची चित्रं काढून एकमेकांना दाखवायला लागलं. सगळ्या पश्चिम महाराष्ट्रावर ढगाचा पुंजका नव्हता. पाहुणे घड्याळं बघायला लागले, मग उघड हसायला. शेवटी राण्यांनी मॅडमना न विचारता भोंगा वाजवायला सांगितला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. बक्षिसं वाटली गेली. चहाच्या टपरीवर तोवर कुणीतरी पुठ्ठ्यावर पाटी लिहून टांगली होती. 'आजचे ढग फक्त अत्तारमॅडमसाठी राखीव. इतरांनी वर पाहू नये.'

पुण्यात अशा पाट्यांना तोटा नाही. मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या, पूर्ण वाचली, आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे." विश्रांतवाडीला गाडीतून उतरताना मात्र म्हणाल्या, "पाटणकर, मी चुकले याचं वाईट नाही. नोकरीत शेकडो वेळा चुकले. पण चुकल्यावर कळायचं, का चुकले. आज कळत नाही. मला तो दिसत होता."

राण्यांचा दोन दिवसांनी निरोप आला. यापुढे मॅडमना या कामाचा त्रास द्यायचा नाही असं समितीनं ठरवलंय, वगैरे. भाषा फार गोड होती.

त्यानंतर त्या बरेच रविवार आल्या नाहीत. वरच्या मजल्यावरून वस्तू पडल्याचे आवाज यायचे. कपबशी, मग एकदा मोठं पातेलं. बायको वर जाऊन यायची. "ओट्यावरून हात लागून पडलं म्हणतात," ती सांगायची. "पण घर बघितलंत का? उजवीकडे लखलखीत आणि डावीकडे कोळिष्टकं."

जानेवारीत एका रविवारी त्यांनीच बेल वाजवली. बूट घालूनच आल्या होत्या. "चला, हवा भयंकर सुंदर आहे," म्हणाल्या.

तसा दिवस मी माळावर आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गवत पिवळं धमक, होलभोवतीचे कातरलेले ग्रीन हिरवेगार, आणि वारा इतका मोजका, की झेंडे नुसते श्वास घेत होते. दूर सिंहगडाची बाजूसुद्धा निळी रेघ होऊन दिसत होती. त्या दिवशी चेंडू मारला की तो हवेत थांबून विचार करतोय असं वाटायचं. मीसुद्धा चांगला खेळत होतो, यावरून काय ते समजा. मॅडम मात्र मान वळवून वळवून डावीकडे बघत होत्या. मी विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. नऊ होल संपले, माळाचं टोक आलं. तिथून वळून आता पूर्वेकडे परत निघायचं. ऊन समोरून यायला लागलं.

दहाव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, त्यांनी चेंडू ठेवला, काठी धरली, आणि पुन्हा मान डावीकडे वळवली. तशाच उभ्या राहिल्या. मग काठी गवतावर टाकली. त्यांनी काठी टाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"पाटणकर, उत्तरेला काय आहे?"

"काही नाही, मॅडम."

"नीट बघा. तिथे, खाली."

"निळं आहे. एक विजेचा खांब आहे. बाकी काही नाही."

"मला तिथे ढग दिसतोय. राखाडी. कडा विरलेल्या." त्यांचा आवाज कचेरीत अहवाल वाचत असल्यासारखा सपाट झाला होता. "जाताना तो दक्षिणेला होता. आता उत्तरेला आहे. मधे आपण फक्त वळलो. ढग इतक्या लवकर बाजू बदलत नाहीत."

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि पाहिलं. मग डाव्या डोळ्यावर ठेवला. पुन्हा उजव्या. मग हात खाली घेऊन जागच्या जागी, अगदी सावकाश, एक पूर्ण गिरकी घेतली. उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व. चेहरा माझ्याकडे आला तेव्हा रंग उतरलेला होता.

"फिरतोय," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर फिरतोय."

"डोळ्यात काहीतरी असेल मॅडम. मोतीबिंदू वगैरे. आजकाल अर्ध्या तासात..."

"एका डोळ्यात असता तर मीही तेच म्हटलं असतं. दोन्हींत सारखा आहे, त्याच बाजूला. म्हणजे काचेवर डाग नाही, पाटणकर. घराच्या आत काहीतरी आहे."

वारा तेवढाच होता. ऊनही तसंच. कुठेतरी टिटवी ओरडली. मी त्यांची पिशवी उचलायला वाकलो. "चला, जाऊ या. आत्ताच कुणालातरी दाखवू."

"पिशवी खाली ठेवा."

"मॅडम..."

"आज रविवार आहे. उद्या सकाळपर्यंत कुणी डॉक्टर काही बघणार नाही. आणि उद्यापासून मला काय काय करू देणार नाहीत ते मला माहीत आहे." त्यांनी काठी उचलली, तिच्यावरचं गवत झटकलं. "नऊ होल राहिलेत. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला चाला. खड्डा आला की सांगा."

आम्ही खेळलो. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होतो, आणि एकदा लक्षात आलं की मी चालतोय ते त्यांच्या त्या ढगातून. मधेच त्या म्हणायच्या, "आहात ना?" मी म्हणायचो, "आहे." तेराव्यावर एकदम हसल्या. "त्या पाटीवाल्याला सांगा, अगदी बरोबर लिहिलं होतंस. माझ्यासाठीच राखीव होता." मला हसू आलं नाही. शेवटच्या होलवर चेंडू आत गेल्यावर त्या खाली वाकल्या आणि चेंडू काढून न घेता तिथेच जरा वेळ हात ठेवून बसल्या.

पुढचं भराभर झालं. तपासणीच्या यंत्रात दिवे लुकलुकायचे, दिसला की बटण दाबायचं. दोन्ही डोळ्यांच्या कागदांवर डावी बाजू काळी आली. मग मेंदूचं चित्र काढलं. मागच्या बाजूला, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ. सबा बंगळूरहून आली. ती व्हरांड्यात रडायची आणि आत जाताना तोंड धुऊन जायची. मॅडम तिला म्हणाल्या, "डोळे पुसलेस तरी नाक सांगतं गं. अत्ताराची नात ना तू?"

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला आणि सबाला समोर बसवून त्यांना समजावलं. जमेल तेवढी गाठ काढली होती. डावीकडचं दिसणं परत येणार नव्हतं. तरुण डॉक्टर होता, त्यानं स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "रेष इथून जाते, मॅडम. इथून डावीकडचं गेलं. उजवीकडचं सगळं तुमचं."

"उजवीकडचं कायमचं?"

त्यानं नाकावरचं बोट काढलं. "आत्ता तरी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघा पाटणकर, याला अंदाज द्यायला येतो."

राणे एकदा फुलं घेऊन आले. खुर्ची ओढून बसले ते नेमके पलंगाच्या डावीकडे. बराच वेळ माफी मागत होते. मॅडम भिंतीकडे बघून शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राणे, इकडच्या बाजूला या. तिकडे कुणी आहे असं मला अजून पटत नाही." राणे उठून पलंगाला वळसा घालून आले. मॅडमनी त्यांचा हात थोपटला. "तुम्ही भोंगा वाजवलात ते बरोबर केलंत. पुराव्याशिवाय कुणी ऐकू नये. माझंसुद्धा."

औषधं, किरणांचे उपचार, केस जाणं, सगळं पावसाळ्यात उरकलं. त्या वरच्या मजल्यावर परत आल्या. सबानं बंगळूरला चलायचा धोशा लावला होता. दिवाळीनंतर जायचं असं ठरलं. जाण्यापूर्वी त्यांना एकदा माळावर जायचं होतं. राण्यांना कळवलं, तर त्यांनी मैदान बंद असतं तो साप्ताहिक सुट्टीचा दिवस आमच्यासाठी उघडला. अख्ख्या माळावर आम्ही दोघंच.

हवा पुन्हा तशीच. मला ती आता आवडेनाशी झाली होती. एवढं उघडं, एवढं स्वच्छ, आणि कुठे सावलीचा ठिपका नाही. मी सारखा मागे वळून बघत होतो, आणि मागे काही नव्हतं.

त्या तीनच होल खेळल्या. मान पूर्ण डावीकडे वळवून आधी निशाण बघायच्या, मग सरळ होऊन आठवणीनं मारायच्या. दुसऱ्याचा चेंडू इतका सुरेख गेला, की मी टाळी वाजवली. "कुठे गेला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "सरळ? अगदी सरळ?" दोनदा विचारलं. चेंडू त्यांच्या समोरूनच गेला होता, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्यानंतर म्हणाल्या, "दमले. तुम्ही ती बॅटरीची गाडी घेऊन या. मी इथेच बसते."

त्या आठवड्यात त्या बंगळूरला गेल्या. महिनाभरानं नवीन तपासणी झाली, आणि गाठ पलीकडच्या बाजूलाही पसरल्याचं सबानं फोनवर सांगितलं. होळीच्या आधी त्या गेल्या. मला जाता आलं नाही, तिकडचं कुठलंच दृश्य माझ्याजवळ नाही. म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, गाडी घेऊन परत येताना.

उंचवट्यावरून गाडी वर आली तेव्हा त्या खाली ग्रीनच्या कडेला गवतावर बसलेल्या दिसल्या. बूट काढून ठेवले होते. डोक्याचा रुमालही काढला होता, आणि नुकते उगवलेले बारीक पांढरे केस उन्हात चमकत होते. नजर समोर, स्थिर. त्यांनी डावा हात आडवा, खांद्याच्या रेषेत लांब केला होता आणि बोटं हलवत होत्या, लांबच्या कुणालातरी बोलवावं तशी. बोटं हलवत हलवत त्या हात सावकाश पुढे आणत होत्या. मला कळलं, बोटं कुठून दिसायला लागतात ते बघून त्या आपली हद्द मोजतायत. मी गाडी थांबवली.

हात पुढे आला. नाकाच्या समोर आला. इथे थांबायला हवा होता. थांबला नाही. बोटं हलतच होती. हात नाक ओलांडून उजवीकडे सरकला, उजव्या गालापर्यंत, त्याच्याही पुढे, आणि तिथे कुठेतरी गेल्यावर बोटं थांबली.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मग बूट घालायचे म्हणून गवत चाचपायला लागल्या, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पाठीमागे.

बूट त्यांच्या पुढ्यातच होते.